वाळूत न राहणारी वाळूमाशी

नागपूरहून तासाभराच्या आत कन्हान. पूल, नदी, कोळसा आणि वाळूसाठी ओळखलं जाणारं गाव. आम्ही मात्र तिथे गेलो ते तीन मिलिमीटरच्या एका रहिवाशाला भेटायला!

तुमच्या ऑफिसच्या वॉशरूममध्ये एक माशी असते. टाइल्सवर बसलेली, राखाडी, अंगावर लव, पंख बदामाच्या आकारात पसरलेले. बोट लावलं की तिची अक्षरशः पावडर होते. ती चावत नाही. पाइपातल्या बुळबुळीत थरात वाढते आणि हाऊसकीपिंगचा स्टाफ सोडला तर तिची दखल कुणीच घेत नाही. ‘सायकोडिडी’ नावाच्या मोठ्या खानदानातली ही शहरात सेटल झालेली लेक. तिची एक चुलतबहीण मात्र अजून गावाकडेच राहते. आकाराने तशीच चिमुकली, स्वभावाने एकदम शांत, आणि रक्ताची शौकीन. या बहिणीपायी नागपूरकडच्या एका वस्तीचं नाव जगभरच्या व्हायरॉलॉजीच्या पुस्तकांत जाऊन बसलंय.

बाईंच्या प्रजातीचं नाव ‘फ्लेबोटोमस’. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ शीर आणि कापणं. म्हणजे शीर कापणारी. इंग्रजीत सँडफ्लाय, आपल्याकडे वाळूमाशी. आणि वाळू म्हटलं की नागपुरात घर बांधणाऱ्या कुणालाही आठवतं ते कन्हान. बस, मग ठरलं!

पुलापलीकडे

जुलैतला शनिवार, दुपारभर पडून दमलेला पाऊस. मी आणि मिहानमध्ये आयटीत असलेली माझी मैत्रीण अ‍ॅक्टिव्हावर निघालो. सीताबर्डीहून येणारी मेट्रोची ऑरेंज लाइन पहिल्या टप्प्यात ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत झाली. दुसऱ्या टप्प्याच्या आराखड्यात ती थेट कन्हान नदीपर्यंत जाते. पण ज्याला रस्ता अनुभवायचाय त्याने कामठी रोडनंच जावं. ट्रक, धाबे, एखाद्या ठेल्यावर तर्री पोहे, मग कामठी कॅन्टोन्मेंटची जुनी झाडं, ड्रॅगन पॅलेसकडे वळणाऱ्या गाड्या, आणि मग एकदम समोर नदी.

पावसाळ्यातली कन्हान बघण्यासारखी असते. छिंदवाड्याकडच्या डोंगरांतून निघालेली ही नदी बिना संगमावर पेंच आणि कोलारला सोबत घेते आणि इथपर्यंत येताना चांगली ऐसपैस होते. पुढे ती वैनगंगेला मिळते. इंग्रजांच्या काळातला दगडी पूल अजून दिमाखात उभा आहे. नागपूरच्या बऱ्याच घरांत नळाला येतं ते या नदीचं पाणी. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. कन्हान जंक्शनवरून रामटेकचा रेल्वेफाटा निघतो. आणि वाळू तर विचारूच नका. शहरातल्या कित्येक टॉवर्सच्या भिंतींत ही नदी बसलेली आहे.

आमच्यासोबत होते एक काका. आरोग्य विभागात ‘कीटक समाहारक’ म्हणून आयुष्य काढलेले. म्हणजे काय, तर सरकारी पगारावर डास आणि माश्या पकडायच्या! आम्ही चहाच्या टपरीवर वाळूमाशीचं नाव काढलं तर टपरीवाला म्हणाला, “मंग नदीत जा ना ताई, वाळू तं तिकडंच हाय.”

काका हसले. “सारेच असंच म्हणते. नदीत थे भेटत नाही. चला, कोठ्यात जाऊ.”

टॉर्च, नळी आणि एरंडेल

कोठा म्हणजे विदर्भातला गुरांचा गोठा. वस्तीच्या टोकाला एका घराला लागूनच होता. मातीची भिंत, खाली ओलसर जमीन, कोपऱ्यात शेणाचा ढीग, दोन गाई आणि एक अतिउत्साही वासरू. अंधार पडू लागला तशी काकांनी पिशवी उघडली. आतून निघालं काय? टॉर्च, एरंडेल लावलेले कागद आणि एक काचेची नळी. नळीला पुढे रबराची लांब नळी, मध्ये जाळीचा तुकडा. माशीसमोर काच धरायची आणि रबराचं टोक तोंडात धरून श्वास ओढायचा. माशी काचेत. जाळी कशासाठी, हे सांगायची गरज नाही! एरंडेलाचे कागद भिंतीच्या भेगांपाशी लावून ठेवायचे, रात्री बाहेर पडणारी चिकटते.

टॉर्चचा झोत भिंतीवरून हळूहळू सरकत होता. आम्हाला नुसती भिंत दिसत होती. काकांना मात्र दिसली. त्यांनी नळी लावली, श्वास ओढला आणि काच माझ्या हातात दिली. मातीचा एक कण. मग त्या कणाने उडी मारली.

भिंगाखाली

भिंगातून बघितलं की आधी डोळ्यांत भरतात ते पंख. घरमाशी किंवा डास बसला की पंख पाठीवर आडवे ठेवतो. हिचे दोन्ही पंख वर, इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात उभे. कीर्तनकाराने दोन्ही हात उंचावावेत तसे! पंखांचा आकार भाल्याच्या पात्यासारखा, काठाला केसांची झालर. सगळ्या अंगावर केसच केस. पाठीला बाक, त्यामुळे मान खाली घातल्यासारखी दिसते. डोळे काळेभोर आणि डोक्याच्या मानाने मोठे. पाय तर इतके लांब आणि किडकिडीत की हे शरीर त्यांच्यावर कसं तोललं जातं असा प्रश्न पडावा. आपल्याकडे सापडणाऱ्या एका जातीचं नावच ‘अर्जेंटिपेस’, म्हणजे चांदीच्या पायांची. १९०८ मध्ये तिचं वर्णन करणाऱ्यांपैकी एक होते नेल्सन अ‍ॅनंडेल, जे पुढे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक झाले. पण नुसत्या भिंगावर जात सांगू नये, असं काकांनी बजावलं. त्यासाठी स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली तिचा घसा आणि पोटातले अवयव तपासावे लागतात.

आता तोंड. डास म्हणजे स्ट्रॉ घालून नारळपाणी पिणारा. त्याची सोंड थेट रक्तवाहिनी शोधते. वाळूमाशीची सोंड आखूड. ती कातडीवर चक्क बारीक कात्री चालवते, तिथे रक्ताचं छोटंसं डबकं होतं आणि त्यातून ती पिते. म्हणून हिचा चावा जास्त झोंबतो. हे काम फक्त माद्यांचं, अंड्यांना प्रोटीन हवं म्हणून. एरवी नर काय, मादी काय, दोघंही झाडांचा गोड रस पिऊन जगतात. या गोडखाऊपणाने एक मोठं कोडं सोडवलं. काळाआजार हीच माशी पसरवते असा संशय होता, पण लॅबमध्ये सिद्ध होईना, कारण रक्त पिऊन झाल्यावर माश्या लवकर मरायच्या. १९४० च्या आसपास बिहारमधल्या संशोधकांनी त्यांना मनुका खायला दिल्या. माश्या जगल्या, आणि १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी माणसाला हा आजार माशीच्या चाव्यातून होतो हे दाखवून दिलं. मनुकांनी विज्ञानाची एवढी मोठी सेवा क्वचितच केली असेल!

आणि सगळ्यात गमतीचा म्हणजे आवाज. तो नाहीच. डास येताना कानाशी गुणगुणतो, निदान वॉर्निंग तरी देतो. ही गुपचूप येते. तिच्या एका जातीचं नाव ‘पापाटासी’. इटालियनमध्ये त्याचा अर्थ साधारण ‘गपचूप खाणारी’. आपल्याकडच्या बाया-माणसांनाही ती तशीच माहिती आहे. कोठ्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, “चावून गेल्यावरच समजते बापा. मच्छर मारता तरी येते, हे दिसतच नाही.”

कमजोर पण बेरकी

इतकं सगळं ऐकल्यावर वाटेल की ही फार मोठी शिकारी असणार. तसं काही नाही. उडण्यात ती एकदम कच्ची. लांब झेप जमतच नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारत जाते. जन्मलेल्या जागेपासून सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. वारा सुटला की घरातच बसते. पंख्याचा झोतसुद्धा तिला झेपत नाही. आणि ती बहुतेकदा जमिनीलगतच फिरते.

पण आकार तिच्या कामी येतो. डासाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढीच असल्याने साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आरामात आत शिरते. तिच्यासाठी जाळी फार बारीक विणीची लागते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डासाच्या अळीला पाणी लागतं. म्हणून दर पावसाळ्यात आपण ऐकतो, कूलर रिकामे करा, टायर फेका, कोरडा दिवस पाळा. वाळूमाशीची अळी पाण्यात नसतेच. ती वाढते ओलसर, सावलीतल्या मातीत. शेणकचरा, पालापाचोळा, उंदरांची बिळं, भिंतीच्या भेगा. तिथे कुजलेलं खाऊन, चारदा अवस्था बदलून, साधारण महिना-दोन महिन्यांत माशी तयार. म्हणजे अंगणातली सगळी डबकी बुजवली तरी हिला काही फरक पडत नाही!

आणि वाळू? नदीच्या मोकळ्या, धुतल्या वाळूत या अळीला खायला काय मिळणार? सँडफ्लाय हे नाव तिच्या रेतीसारख्या फिक्या रंगामुळे पडलं, असं सांगतात. नाव वाळूचं, गाव मातीचं.

पुण्याला गेलेलं रक्त

आता नागपूरची गोष्ट. १९६५ मध्ये नागपूर भागात चिकनगुन्या आणि डेंग्यूची साथ होती. रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले जात होते पुण्यातल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये. १९५२ मध्ये सुरू झालेली ही संस्था आज एनआयव्ही म्हणून ओळखली जाते. त्यात दोन रुग्णांच्या नमुन्यांत भलताच विषाणू सापडला. ना डेंग्यूचा, ना चिकनगुन्याचा. मायक्रोस्कोपखाली आकार बंदुकीच्या गोळीसारखा, रेबीजच्या विषाणूच्या कुटुंबातला. रुग्णांच्या वस्तीवरून त्याचं नाव ठेवलं गेलं चांदीपुरा. भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे हाच विषाणू औरंगाबादेत पकडलेल्या वाळूमाश्यांमध्ये मिळाला, १९७० मध्ये ते छापूनही आलं, आणि संशयाची सुई या मुक्या माशीकडे वळली.

तेव्हा तो एक साधा तापाचा विषाणू वाटला होता. पण २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. तपासात चांदीपुराचं नाव पुढे आलं. २००७ मध्ये खुद्द नागपूर विभागात मेंदूज्वराची साथ आली, तिथेही हाच. आणि २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यातले ८२ दगावले. ६४ जणांमध्ये चांदीपुराची खात्री झाली, जवळजवळ सगळे गुजरातचे. न्यूज चॅनलवर रोज ‘चांदीपुरा, चांदीपुरा’ चाललं होतं, आणि ते नाव विदर्भातलं आहे हे आपल्यापैकी कितीजणांना माहिती होतं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नियम केला, नव्या आजारांना गावांची नावं देऊ नका, त्या जागा बदनाम होतात. पण जुनी नावं राहिली. इबोला ही आफ्रिकेतली नदी, झिका हे युगांडातलं जंगल, आणि चांदीपुरा आपल्या शेजारचं. माशी मात्र कुठल्याही एका गावाची नाही. जिथे ओलसर माती, गुरं आणि भेगा, तिथे ती.

“कोणता ताप साधा?”

कोठ्याच्या मालकीणबाईंचा नातू पाच वर्षांचा. आमच्या टॉर्चच्या मागे-मागे फिरत होता, पायात काही नाही, अंगात फक्त हाफ चड्डी. काका विषाणूबद्दल बोलायला लागले तसा त्यांनी त्याला जवळ ओढला. मग विचारलं, “पोराले ताप तं येतच राहते पावसात. कोणता साधा अन् कोणता हा, ते समजावं कसं?”

मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. आम्हा दोघींकडे उत्तर नव्हतं. काकांनी दिलं, आणि ते सरळ होतं. पहिल्या काही तासांत ते कुणालाच समजत नाही. हा आजार मुख्यतः पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. अचानक जोराचा ताप, उलट्या, मग आकडी, गुंगी, शुद्ध हरपणं. हे सगळं २४ ते ४८ तासांत होऊन जातं. त्यावर खास औषध नाही, वापरात असलेली लसही नाही. डॉक्टर आकडी आवरतात, श्वास सांभाळतात, मेंदूची सूज कमी करायचा प्रयत्न करतात. म्हणून वेळ हेच औषध. “तापात पोरगं गुंगलं, आकडी आली, का ओळखेनासं झालं, तं सकाळची वाट पाहाची नाही. रात्रीच दवाखान्यात न्यायचं.” बाईंनी मान हलवली. जवळचं मोठं हॉस्पिटल कामठीला की नागपूरला, हे त्या मनातल्या मनात मोजत असाव्यात.

काकांनी घाबरवलं नाही, हेही सांगायला हवं. प्रत्येक वाळूमाशीत विषाणू नसतो. घरात माशी आहे म्हणजे आजार आला असं नाही. तरी माशी कमी असलेली बरी.

भेग

तिला कमी कसं करायचं, याचं उत्तर तिच्या अंगातच आहे. उडता येत नाही, म्हणजे ती घराजवळच जन्मते. पाणी लागत नाही, म्हणजे फवारा डबक्यावर मारून उपयोग नाही. उजेड नको, म्हणजे दिवसा ती भेगेत आहे. सगळे बाण एकाच दिशेला, भिंतीकडे. १९५० च्या दशकात मलेरियासाठी घरोघरी भिंतींवर डीडीटी मारला गेला, तेव्हा बिहारमधला काळाआजारही जवळजवळ नाहीसा झाला होता. माशी भिंतीवरच विसावते ना! फवारणी थांबली आणि सत्तरच्या दशकात तो परत आला. २०२४ मध्ये गुजरातेतही मातीच्या भिंतींच्या भेगांत मॅलेथिऑनची पावडर भरावी लागली.

पावडर उतरते, भेग राहते. मालकीणबाई दिवाळीआधी दरवर्षी भिंती लिंपतात, पांढऱ्या मातीचा हात देतात. पण माशीचा सीझन जून ते सप्टेंबर, आणि तोवर पाऊस त्याच भिंतीला नव्या भेगा पाडून मोकळा होतो. “सिमेंटचं प्लास्टर करा ना एकदाचं,” मैत्रीण सहज म्हणाली. बाई हसल्या. “करू ना. रेती सस्ती झाली का करू.”

त्यांच्या कोठ्यापासून नदी चालत पंधरा मिनिटांवर. तिची वाळू ट्रकने नागपूरला जाते, तिथल्या सोळाव्या मजल्याच्या भिंती गुळगुळीत करते, आणि त्या भिंतींत वाळूमाशीला शिरायला जागा राहत नाही. ज्यांच्या दारावरून ट्रक जातात त्यांची भिंत मातीची. वाळूमाशी वाळूत राहत नाही. जिथे वाळू पोचत नाही, तिथे ती राहते.

आम्ही निघालो तेव्हा काका भेगांपाशी एरंडेलाचे शेवटचे कागद लावत होते. सकाळी येऊन मोजणार होते. नातू गुरांपासून लांब, घरात पंख्याखाली झोपला होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. तेवढं तरी त्या संध्याकाळी झालं.

जायचं असेल तर

*कसं जाल:* नागपूरहून कामठी रोडने, टू-व्हीलर किंवा एसटीने. रामटेकला जाताना वाटेतच पडतं.

*काय बघाल:* पावसाळ्यात पुलावरून दिसणारी नदी, बिना संगम, येता-जाता ड्रॅगन पॅलेस. नदीपात्रात उतरू नका, पाणी अचानक चढतं.

*सोबत काय घ्याल:* संध्याकाळी गोठ्याजवळ किंवा शेतावर थांबणार असाल तर फुल पँट, पूर्ण बाह्या आणि डास पळवणारं क्रीम. मुक्काम असेल तर खाटेवर, पंख्याखाली झोपा. जमिनीवर नको.